उसवलेली शिवण

आमच्या भागातल्या चित्रकारांना दरवर्षी एक पुरस्कार देतात. यंदा पहिलं आलेलं चित्र आठवडी बाजारात भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या बाईचं होतं. तराजू धरलेला हात उंच, आणि काखेत पोलक्याची शिवण उसवलेली. "खरं चित्र त्या उसवलेल्या शिवणीतच आहे बघ," पुरस्कार समारंभात मी मित्राला ऐटीत सांगत होतो. तेवढ्यात एक बाई नेमकी चित्राच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मावशी, जरा बाजूला होता का? चित्र दिसत नाही."

ती सरकली नाही, नुसती वळली. चित्रातला चेहरा माझ्यासमोर होता.

"त्या दिवशी घाईत जुनंच घातलं होतं," ती हळूच म्हणाली. "घरी चांगली हाईत. आधी सांगितलं असतं त्यांनी, तर..."

ओळखपत्रासाठी फोटो काढायचा तरी मी कॉलर सारखी करतो, केसांवरून कंगवा फिरवतो. लोकांनी आपल्याला कसं बघावं, हे ठरवायची एवढी मुभा मला लागतेच. तिची उसवण मात्र मला सुंदर वाटली, कारण ती माझ्या अंगावर नव्हती.

चित्रकाराचं नाव पुकारलं गेलं. सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. आज अंगात नवं कोरं, काठाचं पोलकं होतं, एक टाकाही निसटलेला नव्हता. तरी दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवूनच ती टाळ्या वाजवत होती.