उभं राहून वाजवलेल्या टाळ्या

जर्मनीत कायझर्सलाउटर्नमधली डिझेल इंजिनांची नोकरी सोडून मी एका खासदार बाईंच्या कार्यालयात लागलो, तेव्हा पुण्याहून आईनं फोनवर एवढंच विचारलं, "अरे, डोकं ठिकाणावर आहे ना?" मला तरी वाटत होतं, आहे म्हणून. बाई पर्यावरणवादी पक्षाच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विजेच्या धोरणात घातलेली. पक्षात सगळे एकमेकांना अरेतुरे करत, मला त्यांच्याशी ते कधीच जमलं नाही.

गावकऱ्यांनी मिळून पवनचक्की उभारावी आणि तिच्या विजेला ठरलेला दर मिळावा, यासाठी त्या आयुष्यभर झगडल्या. सरकारनं तो दर काढून लिलाव आणला: जो सगळ्यात स्वस्तात वीज देईल, त्याला काम. लिलावात बड्या कंपन्यांपुढे गावकरी काय डोंबल टिकणार? हे बदलायचं तर पुढच्या संसदेत बाई हव्याच होत्या. इथे लोक पक्षाला मत देतात आणि पक्षाच्या यादीतले वरचे संसदेत जातात. त्यासाठी यादीत वरचा क्रमांक लागतो, आणि तो राज्याच्या पक्षसभेत मतदानानं ठरतो.

सभेत त्याच क्रमांकासाठी त्यांच्याविरुद्ध एक हसतमुख गृहस्थ उभे होते. विजेशी त्यांचा संबंध दिवा लावण्यापुरता. ते उद्याच्या जगाबद्दल गोड बोलले. बाई लिलावाबद्दल बोलल्या, पोटतिडकीनं, कुणाचीही भीड न ठेवता. भाषण संपलं आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथूनच बायकोला कळवून टाकलं, "जमलं!"

शेजारी एक आजी मोजे विणत बसल्या होत्या. पक्ष स्थापन झाल्यापासूनच्या कार्यकर्त्या. त्याही टाळ्या वाजवायला उठल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "जिंकल्या!"

"आल्झो..." म्हणजे 'त्याचं असं आहे' अशा सुरात त्या खाली बसत म्हणाल्या, "ज्यांना मत द्यायचंय त्यांच्यासाठी आम्ही बसूनच टाळ्या वाजवतो. उभं राहतो ते निरोप द्यायला."

मला रागच आला. आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन माणसाला वाटेला लावतात, ते काय मी पाहिलं नव्हतं? तरी इथली माणसं सरळ असतात असं मी धरून चाललो होतो. मतमोजणी झाली. बाई हरल्या. त्यांनी त्या गृहस्थांना मिठी मारली आणि कोट घातला.

निवडणुकीनंतर कार्यालय बंद झालं. ज्या गावाच्या पवनचक्कीसाठी आम्ही धडपडत होतो, तिथल्या लोकांनी नाद सोडला. मला जुन्या कंपनीनं परत बोलावलं, त्याच डिझेलच्या विभागात. ती नोकरी घेतोय हे सांगायला मी बाईंना फोन केला. खरं सांगायचं तर त्यांनी मला अडवावं, चार शब्द सुनावावेत, म्हणूनच केला होता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गेनाऊ," अगदी बरोबर, त्या म्हणाल्या. "घ्या ती नोकरी. मीही तुम्हाला तेच सांगणार होते."