शेंदरी झाकण

मंडळी, मी माजलगावचा वायरमन. आज एका दवाखान्यात अर्थिंग तपासायला गेलतो.

अर्थिंगचा खड्डा कायम ओला लागतो. न्हाईतर एखाद्या मशीनला करंट उतरला, तर तो जमिनीत न जाता पेशंटलाच बसायचा. "रोज बादलीभर पाणी टाका" असं स्टाफला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. थेंब टाकला न्हाई कुणी. शेवटी मागच्या खेपेला, निदान नजरेत तरी भरावं म्हणून खड्ड्याचं झाकण शेंदरी रंगवून आलो.

आज बघतो तर झाकणावर हळदीकुंकू, झेंडूची फुलं अन् भोवती नुसता चिखल! एक आजी तांब्यानं पाणी घालत होती.

"आजी, हे काय?"

"देव हाय बाबा. लई जागृत हाय म्हणत्यात. नातीचं आपरेशन हाय माझ्या."

मी मीटर लावलं. इतकं झकास रीडिंग ह्या दवाखान्यात आजवर आलं नव्हतं.

तरी म्हणलं, खरं सांगावं. "आजी, हा देव न्हाई, अर्थिंग हाय. सगळा करंट सोता पोटात घेतं, माणसाला काय होऊ देत न्हाई."

आजीनं झाकणाला हात जोडले. "मंग मी दुसरं काय म्हणत होते?"

मी दुसरा तांब्या भरून आणला.