खाट गेली, लेथ आला

संपाला कितीतरी वर्षं झाली, पण आम्ही डिलाईल रोडचे चार जुने मिलवाले जमलो की गाडी दत्ताच्या लेथवर येतेच. दर वेळी किस्स्यात थोडी भर पडते. हल्ली दत्ताच कुरकुरतो, "अरे, यातलं निम्मं झालंच नाही!" त्याला कोण विचारतो!

दत्ता मिलच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होता, लेथवर लोखंडाचे सुटे भाग कातायचा. संपानंतर आमची मिल काही उघडली नाही. दीड वर्ष गडी भिंतीकडे बघत बसून राहिला. जीव तुटायचा हो बघून! मग कळलं, त्याचाच लेथ भंगारवाल्याकडे आलाय. फंडाचे पैसे घालून तो घ्यायचा आणि राहत्या खोलीतच वर्कशॉप टाकायचं, असं त्यानं ठरवलं. त्याच्या बायकोनं, शालिनीवहिनींनी, एकच अट घातली. "नाय चाललां, तर गावाक जावया. मगे माका मुंबईचां नाव सांगू नकात!"

*

खरेदीला मी सोबत गेलो. "तोंड वाकडं ठेव. आवडलाय असं दाखवू नको," दहादा बजावलं. दत्तानं तोंड असं केलं, जसं काही एरंडेल प्यालाय!

भंगारवाल्यानं ताडपत्री ओढली. दत्तानं चपला काढल्या, लेथला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. रोज ड्यूटी सुरू करतानाची सवय, दुसरं काय!

भंगारवाला हसला. "सेठ, भगवान का भाव कोई कम करता है क्या?"

एक पैसा सोडला नाही मेल्यानं.

*

खोली दहा बाय बारा. वहिनी कडाडल्या, "एक तर खाट ऱ्हवात, नायतर तुमचां ह्यां धूड!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट विकलेली होती!

*

लेथ हातगाडीवर चढवला. न्यायला आम्ही आठ जण. त्यातले सहा जॉबर! जन्मभर दुसऱ्यांना कामाला लावलेले. "डावीकडे घे", "दोर सोड", "अरे हळू!" सगळे हुकूम सोडतायत आणि गाडी जागची हलत नाही. नाक्यावर हवालदार आडवा आला. म्हटलं, आता मेलो.

"कुठल्या मिलचा?" त्यानं विचारलं. आम्ही सांगितलं.

"माझा बाप तिथंच होता, स्पिनिंगला," तो म्हणाला. टोपी काखेत मारली आणि खांदा लावला. त्या दिवशी मनापासून ढकलणारा तो एकटाच.

*

रविवारी संध्याकाळी दत्तानं बटण दाबलं आणि अख्ख्या चाळीची लाईट गेली. टीव्हीवर पिक्चर ऐन रंगात! सगळे शिव्या घालत खाली उतरले. वरच्या मजल्यावरच्या मावशी मात्र कुकर घेऊन आल्या. "लाईट घालवलीस ती घालवलीस, आता ह्याच्या हँडलचा स्क्रू तरी करून दे!"

दत्ताला मिळालेलं पहिलं काम ते.

*

सोमवारी दत्तानं आंघोळ करून मिलची खाकी चढवली. वहिनींनी डबा भरून हातात दिला. तो घेऊन तो बाहेर पडला, चाळीला एक फेरी मारली आणि परत आपल्याच खोलीत शिरून लेथ सुरू केला. आम्ही समोर ओट्यावर पोट धरधरून हसत होतो.

दहाच्या सुमारास वहिनींचा भाऊ आला. वहिनी दारातच उभ्या. आत लेथची घरघर चाललेली.

"भावोजी खंय?" त्यानं विचारलं.

"कामाक गेलेहत," वहिनी म्हणाल्या. "सांजेक येतले."