यंत्राला ठाऊक नसलेलं गाव

भूकंप झाला त्या पहाटे मी लातूरला होतो. आई, वडील आणि धाकटा भाऊ गावात होते. आक्का उदगीरला सासरी होती. सकाळी मी एका ट्रकमधून गावाकडे गेलो. दुपारी आक्का आली. घरातले आम्ही दोघंच उरलो.

बारावीसाठी मी लातूरला खोली घेऊन राहत होतो. शिकवण्या बुडतील म्हणून गणपतीच्या विसर्जनालाही गावी गेलो नव्हतो. याबद्दल मी पुष्कळ वर्षं विचार केला आहे, आणि आता करत नाही.

नंतर गाव हललं. किल्लारीच्या आसपासच्या पुष्कळ गावांचं तसंच झालं. थोडं दूर माळावर सरळ रस्ते आखले, एकसारखी घरं बांधली, घरांना नंबर दिले आणि गावाचं नाव तेच ठेवलं. आमच्याकडे तेव्हापासून गावाच्या नावामागे ‘जुनं’ किंवा ‘नवं’ लावायची पद्धत पडली. ऐकणाऱ्याला एवढं पुरतं. नव्या गावात मला मिळालेल्या घरात चुलतभाऊ राहतो. मी भौतिकशास्त्र शिकलो आणि नांदेडला एका कोचिंग क्लासमध्ये शिकवू लागलो. जूनमध्ये हिमायतनगरची, धर्माबादची मुलं पत्र्याच्या पेट्या घेऊन येतात, पाहुण्यांसारखी बाकाच्या कडेवर बसतात, आणि दिवाळीपर्यंत सगळं शहर त्यांना पाठ होतं. मला ते कधी झालं नाही.

गाव होतं तोवर मला दिशा कळत. मारुती उगवतीला, विहीर मावळतीला, लातूर वरच्या अंगाला. जगातली प्रत्येक गोष्ट आमच्या ओसरीपासून मोजलेली होती. ओसरी गेली आणि रस्ते माझ्या डोक्यात बसेनासे झाले. नांदेडच्या जुन्या वस्तीत मी अजून चुकतो. जुन्या गावातही चुकायचो. वर्षश्राद्धाच्या सुमारास मी तिथे जाई, पडलेल्या वेशीतून आत शिरे, आणि थोड्याच वेळात बाभळीच्या रानात नुसता उभा राही. दगडांचे ढीग सगळे सारखे दिसत. आमचा कोणता ते मला एकदाही कळलं नाही. आक्काला मी हे सांगितलं नव्हतं. ती विचारी, घरी जाऊन आलास का, आणि मी हो म्हणे.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत क्लासमधल्या आम्ही चौघांनी मोटारसायकलींवरून कोकणात जायचं ठरवलं. फोनवरचे नकाशे तेव्हा नवे होते आणि घाटात रेंज जाई. रस्ता दाखवणारं वेगळं यंत्र वर्गणी काढून घ्यावं असं ठरलं, आणि ते निवडायचं काम माझ्याकडे आलं. माझं नाव रसायनशास्त्राच्या सरांनी सुचवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “ह्या सरांना वर्गातून स्टाफरूमपर्यंत यायला विद्यार्थी लागतो. जे यंत्र ह्यांना पोचवेल, ते म्हशीलाही पोचवेल.” सगळे हसले, मीही हसलो. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं.

पुस्तकातून शिकता येईल तेवढं मी आधी शिकून घेतलं. हैदराबादला सरांच्या ओळखीचा एक दुकानदार होता, त्यानं वापरून बघायला दोन यंत्रं दिली. शिवाय सरांचा स्वतःचा फोन होता. तपासायच्या गोष्टी मी ठरवल्या होत्या. आमच्याकडच्या दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का. हातमोजे घालून बटण दाबता येतं का. पावसात आणि धुळीत टिकेल का. खडबडीत रस्त्यावर हँडलवरची पकड ढिली होते का. गाडीच्या बॅटरीवर चालतं का, की दर मुक्कामी चार्जर शोधायचा. तपासायला लांबचा रस्ता हवा होता, म्हणून नांदेडहून लोहा, अहमदपूर, लातूर, औसा करत गावी जायचं मी ठरवलं.

आक्काला फोनवर हे सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “मग ते आपल्या घरी नेतंय का?”

मी म्हणालो, बघतो.

 मग तिनं सांगितलं की भूकंपाच्या दुपारी तिला कुणी आत जाऊ दिलं नव्हतं. बायकांना वेशीबाहेर थांबवलं होतं. पुढे बाळंतपणं, सासूचं आजारपण, मग गुडघे, जायचं राहूनच गेलं. आता एका डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं आहे आणि दुसऱ्याचं डॉक्टर काही नक्की सांगत नाहीत. “दिसतंय तवर एकदा आपल्या दारात उभी राहू दे मला, भाऊ. तुला ठावं हाय तर ने.”

मी नेतो म्हणालो. त्यानंतर ते यंत्र मी कोकणासाठी तपासत नव्हतो.

फोन औशाच्या पुढे गप्प झाला. रबरानं बांधला होता, खड्ड्यात उडून पेट्रोलच्या टाकीवर आपटला, आणि उन्हात त्याच्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. पुढच्या रविवारी मोटारगाडीत लावायचं यंत्र पॉलिथिनच्या पिशवीत घालून नेलं. ते बोलायचं चांगलं. गावाचं नाव टाकल्यावर त्यानं मला एकदाही न चुकवता नव्या गावात नेलं, ग्रामपंचायतीसमोर उभं केलं, आणि आतली बाई इंग्रजीत म्हणाली की ठिकाण आलं. चुलतभाऊ पारावर बसला होता. तो म्हणाला, “आलास की बरोबर. यंत्र हुशार हाय.” मी गाडी जुन्या गावाकडे वळवली तर त्या बाईनं मागे फिरा, मागे फिरा असा धोशा लावला. वेशीपाशी पोचलो तेव्हा पडद्यावर माझी खूण एका पांढऱ्या मोकळ्या जागेत उभी होती. आजूबाजूला रस्ता नाही, नाव नाही.

संध्याकाळी आक्काला फोन करून खरं काय ते सांगितलं. यंत्राला आपलं घर ठाऊक नाही. आणि मलाही नाही, ते माझ्याच्यानं ओळखू येत नाही.

ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “मग त्येला ठावं करून दे की. मी येते.”

तिसरं यंत्र खास मोटारसायकलसाठी बनवलेलं होतं. जाड, ओबडधोबड, मोठ्या बटणांचं. रंग फिके आणि आवाज जवळजवळ नव्हताच. पण त्याच्या पुस्तिकेत एक सोय दिली होती. आपण जिथे उभे आहोत ती जागा त्याला सांगून ठेवता येत होती, नकाशात तिथे काही असो वा नसो. अट एकच होती, त्या जागेवर आधी आपण जाऊन उभं राहायचं.

आक्का उदगीरहून एसटीनं आदल्या दिवशी नव्या गावात आली. सकाळी तिला मागे बसवून मी निघालो. तिनं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली धरली होती. वेशीपाशी मी गाडी हळू केली, तसा तिनं खांदा दाबला.

“हितून कशाला?”

म्हटलं, हाच तर रस्ता.

“ह्यो तुम्हा गड्यांचा रस्ता. मी कवा वेशीतून घरी आले? विहिरीवर घे.”

विहीर गावाच्या मागच्या अंगाला होती. बांधानं वळसा घालून आम्ही तिथे गेलो. इतक्या वर्षांत मी तिकडे फिरकलो नव्हतो. सगळं पडलं होतं, पण विहीर जमिनीच्या खाली, तिला पडायला जागाच नव्हती. काठाचे काही दगड निखळले होते. आत पाणी होतं, आणि पाण्यात आभाळ.

आक्कानं वाकून पाहिलं. मग वळली, पदर खोचला आणि चालायला लागली. डोळे ती फारसे वापरतच नव्हती. लग्नाआधी रोज दोन घागरी घेऊन ती ह्या चढानं घरी येई. आता हात रिकामे होते, तरी डावा कमरेपाशी वाकलेला होता आणि मान सरळ होती. बाभळी बाजूला सारत मी मागे होतो. एके ठिकाणी ती अकारण उजवीकडे सरकली. मी विचारलं तर म्हणाली, इथे पाटलाचा कुत्रा बांधलेला असायचा. मग चढ संपला, ती डावीकडे वळली, काही पावलं गेली आणि थांबली.

“हितं.”

मला तिथे दगड आणि गवत दिसलं. इतर ठिकाणी होतं तसंच. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. आक्का खाली बसली, गुडघे दुखत असूनही, आणि हातानं माती उकरू लागली. मीही बसलो. गवताची मुळं तुटली, ओली माती निघाली, आणि बोटांना दगडाची गोल कड लागली. उखळ होतं. स्वयंपाकघराच्या जमिनीत पुरलेलं आमचं उखळ, एका बाजूची कड उडालेलं. ती कड माझ्या हातून उडाली होती, लहानपणी, कुदळ पडून. आईनं त्या दिवशी दुपारी मला जेवायला घातलं नाही आणि संध्याकाळी दोनदा वाढलं.

 आक्कानं आतली माती काढली, बाटलीतलं पाणी उखळात ओतलं आणि ते पुसून घेतलं. मग उठून, जिथे दार असणार त्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी तिला तशी उभी राहू दिली.

काही वेळानं तीच म्हणाली, “सांग त्येला.”

मी हँडलवरचं यंत्र काढून खिशात आणलं होतं. उखळापाशी धरून बटण दाबलं. त्यानं खुणेसाठी चित्र निवडा म्हटलं. पेट्रोलपंप, हॉटेल, झेंडा, झाड, दवाखाना अशी छोटी चित्रं होती. पडदा आक्काच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. तिनं पाण्याच्या नळावर बोट ठेवलं. “आल्या माणसाला आई आधी पाणी द्यायची,” म्हणाली.

नांदेडला आल्यावर मी सरांना सांगितलं की हे तिसरं घ्यायचं. ऊन, हातमोजे, धूळ, पकड सगळं समजावून सांगितलं, आणि मग खरं कारणही सांगितलं. ते काही वेळ यंत्र उलटसुलट करून पाहत राहिले. “घ्या,” म्हणाले. “सहलीनंतर तुमच्याकडंच राहू द्या. आमची वर्गणी परत मागणार नाही.”

कोकणात ते चांगलं चाललं. रोज मुक्कामावर पोचलं की मी त्या नळाच्या चित्रावर बोट ठेवी, आणि एक बाण वळून आमच्या घराकडे तोंड करून थांबे. समुद्राच्या काठावरही तो वळला. तेव्हा पुष्कळ वर्षांनी मला उगवत कुठे, मावळत कुठे ते नीट कळलं.

चुलतभावानं ही गोष्ट नव्या गावात सांगितली. पुढच्या खेपेला एक म्हातारे गृहस्थ पारावर माझी वाट पाहत बसले होते. त्यांना त्यांच्या घराची खूण करून हवी होती. त्यांना मागे बसवलं. मग त्यांच्या शेजारीणबाई आल्या. बायका बहुतेक विहिरीकडून चढ चढत, पुरुष वेशीतून, आणि कधी कधी दोघांचं जागेवरून भांडण होई. मग कुठेतरी चूल सापडे, उंबऱ्याचा दगड सापडे. पडद्यावरची ती पांढरी जागा हळूहळू भरत गेली. गल्ल्या दिसायला लागल्या.

आता ते यंत्र बॅटरी धरत नाही, गाडीला जोडलं तरच चालतं. खुणा सगळ्या आहेत. आक्काला एका डोळ्यानं दिसतं. विहिरीला पाणी आहे.