नरसिंहाची आंघोळ

वामनला मुकादमांनी किती वेळा कामावरून काढलं, ते त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. कारण मात्र दर वेळी एकच. जामसरपलीकडच्या पाड्यावर त्याची भाताची आणि नाचणीची शेती. पीक घरात आलं की इतरांसारखा तोही ठाण्याकडे बांधकामावर जायचा आणि बोहाडा जवळ आला की भरल्या कामातून उठायचा. मुकादम तोंडाचा पट्टा सोडायचा. वामन आपल्या हिंदीत शांतपणे सांगायचा, "सेठ, देव नाचवनेका है."

बोहाडा म्हणजे देवादिकांचे मुखवटे चढवून नाचण्याचा गावाचा उत्सव. त्यातलं नरसिंहाचं सोंग वामनच्या घराचं, आज्याच्याही आधीपासून. मुखवटा लाकडी, त्याला अंबाडीची आयाळ, आणि वजन असं की नाचून आल्यावर दोन दिवस खांदे उचलत नसत. या माणसाकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं आणि त्याचं त्यावाचून अडतही नव्हतं. अट एवढीच, की सोंग दर साली यायलाच हवं. एखाद्या साली चुकलं, तर पुढच्या सालापासून ते दुसऱ्या घराकडे जायचं.

त्या साली त्याचा मुलगा कमलेश आखातातून सुट्टीवर आला. तिकडे तो वेल्डर होता. आल्या दिवशीच वामनने खुंटीवरचा देव उतरवून पोराच्या तोंडावर चढवला, कारण यंदापासून सोंग त्याच्या हवाली करायचं होतं. पोराच्या ओठाजवळ एक फोड होता. डास चावला असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पोराचं पाऊल चुकलं, तेव्हा वामनने तोच मुखवटा स्वतःच्या तोंडावर घेतला आणि पाऊल कसं टाकायचं ते अंगणात दाखवलं. बायको नवशी हसून म्हणाली, "म्हातारा आजून चांगला नाचतो."

दुसऱ्या दिवशी कमलेशला ताप चढला, मग तळहातांवर आणि तोंडावर फोड आले. देवी आली असं समजून नवशीने घरातली फोडणी बंद केली, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला. उपकेंद्राच्या सिस्टर विद्युल्लता लसीकरणासाठी पाड्यावर आल्या होत्या, त्यांनी दारातूनच पोराचे तळहात पाहिले आणि गाडी बोलावली. कमलेशला हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं, नमुना पुण्याला गेला. एमपॉक्स निघाला.

विद्युल्लताबाई जव्हारच्या कापडदुकानदाराची लेक. बोलणं शहरी, पण चढ चढण्यात पाड्यावरच्या बायांना मागे टाकतील अशा. त्यांनी अंगणात लांब बसून विचारलं, की कमलेशच्या अंथरुणावर कोण झोपलं, त्याचा टॉवेल, त्याचे कपडे, त्याचं ताट कोणी वापरलं. नवराबायकोने सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. कमलेशला विचारायचे प्रश्न त्यांनी त्याला एकट्याला विचारले होते आणि ती उत्तरं त्यांच्यापाशीच राहिली. नवराबायकोला तीन आठवडे घरीच राहायला सांगून, रोज ताप बघायला येते म्हणून त्या गेल्या.

मुखवट्याचं नाव कोणी काढलं नाही. काढणार तरी कसं? टॉवेल ही वस्तू, ताट ही वस्तू. देव वस्तूंमध्ये कोण धरतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ सुशील खालून हाक मारत आला. दर साली उत्सवाआधी मुखवटा रंगवायचं काम त्याच्याकडे असे. रंग वाळेपर्यंत त्याची लहान पोरं तो आळीपाळीने तोंडाला लावून एकमेकांना भेवडवत, हे वामनला ठाऊक होतं. सांगितलं तर सरकारची माणसं देव उचलून नेतील, जाळतीलही, आणि सोंग घरातून जाईल. नाही सांगितलं तर ती पोरं.

"सुशील, लांबच उभा राहा," तो ओरडला. "देव आज नीही देत."

विद्युल्लताबाई आल्या तेव्हा तो म्हणाला, "बाय, एक सांगाचा राहला." आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी जाळायचं नाव काढलं नाही, रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, "देवाची आंघोळ कशी करता तुम्ही?" मग डॉक्टरांना फोन लावून काय चालेल, काय नाही, ते विचारून घेतलं. आयाळ आणि आतली चिंध्यांची गादी धुऊन भागणार नव्हतं, ती जाळावी लागणार होती. लाकूड मात्र औषधाच्या पाण्याने पुसून वाचणार होतं.

"हे काम मीच करणं बरं. मी शिवले तर चालेल का?"

त्या देवाला आजवर बाईमाणसाचा हात लागला नव्हता. नवशीचासुद्धा नाही. आणि पुरुषानेही शिवायचं ते उपाशीपोटीच, असा घरचा नेम.

"उपाशी हायेस का?" त्याने विचारलं.

"अहो, सकाळपासून चहासुद्धा नाही. तुमचाच डोंगर चढतेय."

"मग झाला. तू कर."

हातमोजे घालून बाईंनी देवाला न्हाऊ घातलं, अगदी दातांच्या फटीसुद्धा पुसल्या. रंग थोडा उतरला. वामन लांबून बघत होता आणि त्याला रडू येत होतं. आपला देव कोणीतरी इतक्या जपून हाताळतंय, याचंच रडू.

गावाचे कारभारी रावजीबाबा, त्यांनाही वामनने फोनवर खरं काय ते सांगितलं. पलीकडून "बरं" एवढंच आलं.

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी, उन्हं वर आल्यावर, वामन आणि नवशी ओटीवर बसून खालचा संबळ ऐकत होती. नरसिंहाची चाल सुरू झाली आणि वामनने डोळे मिटले. सोंग कोणाला दिलं असेल? चाल नेहमीइतकीच वाजली आणि थांबली.

थोड्या वेळाने रावजीबाबा चढून आले. विद्युल्लताबाई ताप बघायला आलेल्याच होत्या. बाबांनी मानाचा नारळ अंगणातल्या दगडावर ठेवला.

"तुझी पाळी आली तवा रिंगण मोकळा ठेवला. वाजवणारे वाजवत राहले, कोणी पाय टाकला नीही. सोंग तुझ्याच घरचा. तू सांगलास म्हणून पोरां वाचली."

कमलेशच्या खपल्या गळाल्या होत्या, चार दिवसांत तो घरी येणार होता. पाड्यावर दुसऱ्या कोणाला फोड उठला नव्हता. आणि आता हे. एवढं सगळं आपल्या पदरात कोणी टाकलं, याचा विचार करायला त्याला वेळ लागला नाही.

"बाबा, नारळ बायला दे," तो म्हणाला. "यंदाचा देव तिनं केला."

रावजीबाबांनी तो उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला.

विद्युल्लताबाईंनी तापमापक पिशवीत ठेवलं, पायातल्या चपला काढल्या, आणि ओंजळ पुढे केली.