हाताला चिकटलेलं विमान

डॉक्टरांनी दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडला, आकड्याकडे बघून नाक मुरडलं आणि नळवाल्यांना विचारलं की तुम्हाला एखादा छंद आहे का. नळवाल्यांनी बराच विचार केला आणि पेपर वाचतो म्हणून सांगितलं. त्यानंच वाढला असणार, डॉक्टर म्हणाले. काहीतरी शांत शोधा, हाताला काम आणि डोक्याला आराम देणारं.

नळवाले म्हणजे बाथरूमच्या सामानाच्या एका मोठ्या शोरूमचे मॅनेजर. फरशा, बेसिन, शॉवर, कमोड सगळंच विकायचे. पण ऐन उमेदीत त्याच दुकानाच्या काउंटरवर नुसते नळ विकत, तेव्हा मिळालेलं नाव पन्नाशी उलटली तरी सुटलं नव्हतं. माणूस कमालीचा सोशिक. एखादं गिऱ्हाईक तासभर पांढऱ्या फरशीच्या डझनभर छटा उन्हात, सावलीत, दिव्याखाली धरून बघायचं आणि शेवटी म्हणायचं, "काहीही द्या हो, पांढरी असली म्हणजे झालं." नळवाल्यांच्या कानशिलावरची शीर तेवढी टणटण उडायची, चेहऱ्यावरचं हसू मात्र जागचं हलायचं नाही. ते सगळं आत साठायचं आणि डॉक्टरांच्या पट्ट्यात सापडायचं.

घरात आई आणि बायको. बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची, त्यामुळे तिला आयुष्यात आता कशाचीच भीती उरली नव्हती. आई ऐंशीला टेकलेली. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. छंदाचा विषय निघाल्यावर बायकोने बागकाम सुचवलं, आईने झोप सुचवली. नळवाल्यांनी दोघींचं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खेळण्यांच्या दुकानातून एक खोकं उचलून आणलं. खोक्यावर ढग फाडून झेपावणारं लढाऊ विमान होतं. आत मात्र राखाडी प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले बारीकबारीक तुकडे आणि एक घडीचा कागद. आईने आत डोकावून पाहिलं.

"मोडकंच दिलं का रे तुला?"

ते आपण जोडायचं असतं, हे आईला पटवण्यात अर्धी संध्याकाळ गेली. पैसे देऊन मोडकं आणायचं आणि घरी येऊन दुरुस्त करायचं, यात शांत होण्यासारखं काय आहे, हा तिचा मुद्दा होता.

पहिलं विमान एका रविवारात उभं राहिलं. एक चाक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे, आणि पंखांवर नळवाल्यांच्या दहाही बोटांचे ठसे, पोलिसांना हवे तसे. बायकोने ते हातात घेऊन सगळीकडून फिरवलं आणि पायलट मागे का बघतोय म्हणून विचारलं. नळवाल्यांनी चष्मा लावला. खरंच की, मुंडकं उलटं बसलं होतं, आणि वरचं पारदर्शक झाकण कायमचं चिकटून गेलं होतं. मागून कोणी येतंय का ते बघतोय, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. गाडी शिकवणाऱ्या बाईला हे उत्तर आवडलं. तिने ते विमान फ्रिजवर ठेवायला परवानगी दिली.

तिथून त्यांना जे वेड लागलं ते लागलंच. बायकोचा भुवया कोरायचा चिमटा गेला. आईचे दात कोरायच्या काड्या गेल्या. नखं घासायची कानस गेली. घरात रंगाचा आणि थिनरचा असा वास कोंडला की शेजारच्या बाई घर रंगवताय का म्हणून विचारून गेल्या. सगळ्यात मोठा ताप म्हणजे हरवलेले तुकडे. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्यातून टुणकन उडायचा आणि जमीन त्याला गिळून टाकायची. मग नळवाले "कोणी हलू नका" म्हणून हुकूम सोडायचे आणि बॅटरी घेऊन फरशीवर पालथे पडायचे. बायको असेल तिथे, आई असेल तशी थांबायची. एकदा तर दारात आलेला गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन एका पायावर उभा राहिला होता, बिचारा. त्या दिवशी तुकडा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये एका गिऱ्हाइकाने नळवाल्यांच्या कोपराकडे बोट दाखवून तुम्हाला काहीतरी लागलंय म्हणून सांगितलं. ती पायलटची खुर्ची होती. नळवाल्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या गिऱ्हाइकाला शॉवरवर सूट देऊन टाकली.

रक्तदाब अर्थातच वाढला. डॉक्टर चकित झाले. नळवाले समजुतीच्या सुरात म्हणाले की वाढलाय खरा, पण आता कारण चांगलं आहे.

पुढचं पाऊल म्हणजे बॉम्बर. चार इंजिनांचं, दोन्ही पंख धरून जवळजवळ हातभर लांब. ते जेवणाच्या टेबलावर बसलं आणि हिवाळाभर उठलं नाही. घरचे कडेकडेने जेवायचे, पंखाखालून मीठ सरकवायचे. हिरव्या रंगाच्या छटेवरून नळवाल्यांनी तीन आठवडे घोळ घातला. रोज रंगवलेले दोन तुकडे बायकोच्या ताटाशेजारी ठेवून कुठला बरोबर वाटतो विचारायचे. एके दिवशी ती म्हणाली की दोन्ही हिरवेच आहेत, कुठलाही लावा. नळवाल्यांची शीर उडाली. आपल्या गिऱ्हाइकांपैकी एक आपल्याच घरात राहतंय, असं त्यांना प्रथमच जाणवलं.

पण रंग अखेर असा जमला की आईसुद्धा काही बोलली नाही. गावात अशी मॉडेल करणाऱ्यांचं एक मंडळ होतं आणि त्यांची दरवर्षी एका सभागृहात स्पर्धा भरायची. नळवाल्यांनी नाव घातलं.

स्पर्धेच्या सकाळी त्यांनी बॉम्बर खोक्यात ठेवायला उचललं आणि एका इंजिनाचा पंखा गळून पडला. एरवी त्यांनी मॉडेलचा साधा गम वापरून तो रात्रभर सुकू दिला असता. आता वेळ कुठे होता? त्यांनी झटपट चिकटणाऱ्या गमची बाटली काढली, डाव्या हाताने विमानाचं पोट धरलं आणि उजव्या हाताने एक थेंब सोडला. पंखा झकास बसला. बाटलीच्या तोंडाशी रेंगाळलेला दुसरा थेंब मात्र पंखावरून घरंगळत, वळसा घेत पोटापर्यंत गेला. नळवाले इकडे पंख्याकडे कौतुकाने बघत राहिले. बघून झाल्यावर त्यांनी हात काढायला घेतला, तर विमानही सोबत यायला लागलं. अंगठा आणि तीन बोटं पोटाला घट्ट.

त्यांनी आधी कोणाला सांगितलं नाही. शर्ट घालायला गेले आणि कळलं की बाहीतून बॉम्बर जात नाही. मग सांगावं लागलं.

बायकोने डॉक्टरांना फोन लावला. ओढू नका, ते म्हणाले. कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून सावकाश सोडवा, नाहीतर नेलपॉलिश रिमूव्हर लावा. पाण्याला वेळ लागणार होता आणि स्पर्धेची नोंदणी थोड्याच वेळात बंद होणार होती. बायकोने नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली आणली. नळवाल्यांनी विमान पाठीमागे लपवलं.

"त्याने प्लास्टिक विरघळतं."

"आणि बोटं?"

"बोटांना काही होत नाही."

"मग अडलं कुठे?"

"अगं, विमान राहत नाही ना."

बायकोने कात्री घेतली, शर्टाची डावी बाही गळ्यापासून मनगटापर्यंत उभी कापली आणि गाडीची किल्ली उचलली. आई पायात चपला सरकवून तयारच होती. असलं काही चुकवायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची. तिच्यात शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो. नळवाले नेमके त्या जागी, मांडीवर उशी, उशीवर विमान, विमानाला हात. वाटेत खड्डा दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी भर रस्त्यात गचकन थांबायची, मागचे हॉर्न वाजवायचे. दोनतीनदा झाल्यावर बायकोने नवख्यांशी बोलायच्या खास थंड आवाजात त्यांना दोन्ही पाय सीटवर घ्यायला सांगितलं. उरलेला रस्ता नळवाले मांडी घालून आले.

सभागृहात टेबलांची रांग होती. टेबलांवर विमानं, समोर दोरी, दोरीपलीकडे प्रेक्षक. नोंदणीच्या बाईंनी अर्ज पाहिला, विमान पाहिलं, हात पाहिला आणि विमान टेबलावर ठेवून बाहेर जायला सांगितलं. नळवाल्यांनी खरी परिस्थिती सांगितली. नियमावलीत यावर काहीच नव्हतं. शेवटी असं ठरलं की त्यांनी टेबलामागे स्टुलावर बसायचं आणि हात वर धरायचा. पण माणूस दिसला तर बरं दिसणार नाही, म्हणून बायकोने टेबलावर घालायची जादाची निळी चादर मागून घेतली आणि नवऱ्यावर पांघरली. बाहेर फक्त मनगटापासून हात, आणि त्यावर निळ्या आभाळात तरंगणारं बॉम्बर. आई शेजारी खुर्ची टाकून बसली.

गर्दी त्याच टेबलापाशी जमली. बाकीची विमानं आपापल्या चाकांवर गुमान उभी होती, हे एकटं उडत होतं. मधूनच जरा खाली यायचं, मग दचकून वर जायचं, त्यामुळे तर फारच खरं वाटायचं. चादरीखाली नळवाले घामाने निथळत होते, खांदा भरून आला होता, आणि तरी प्रत्येक "वा" ऐकून त्यांना हात आणखी वीतभर वर न्यावासा वाटत होता. बायको अधूनमधून चादरीखाली बिस्कीट सरकवायची.

एक बाई दोरीवरून वाकून पुटपुटल्या की विमान ठीक आहे, पण हात काय हुबेहूब केलाय, केससुद्धा एकेक लावलेत. तेवढ्यात आभाळाला शिंक आली. बाईंच्या हातातली पर्स खाली पडली आणि बॉम्बरने असा गोता खाल्ला की मागच्या रांगेतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग मुख्य परीक्षक आले. उंच, झुबकेदार मिशांचे, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग. सगळे त्यांना भिंगवालेच म्हणायचे. त्यांनी बॉम्बरभोवती दोन चकरा मारल्या, हिरव्या रंगापाशी थबकून मान डोलावली, आणि नियमावली उघडली. विमानाला आधार दिलेला चालतो, पण आधार स्पर्धकाने स्वतः बनवलेला असला पाहिजे.

"हा हात कोणी केलाय?" त्यांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

भिंगवाल्यांनी आईकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि हा मुद्दा सोडून द्यायचं ठरवलं. त्यांनी भिंग विमानाच्या पोटाशी नेलं.

"विमान हवेत आहे. मग चाकं बाहेर कशी?"

"उतरतंय," चादर म्हणाली.

"उतरताना पंखामागच्या झडपा खाली असतात. या तर बंद आहेत."

बॉम्बर जरासं खाली आलं. आई पुढे सरकली. दोरीपलीकडचे लोकही श्वास रोखून ऐकत होते.

"उतरायचं आत्ताच ठरलंय," चादर म्हणाली.

भिंगवाल्यांच्या मिशा हलल्या. आतमध्ये हसू असावं. तरी त्यांनी गुण कापले ते कापलेच. त्या गटात चार विमानं होती आणि नळवाल्यांना चौथा नंबर मिळाला. शेऱ्यात लिहिलं होतं: रंग अप्रतिम, आधार थरथरतो.

निकाल लागल्यावर सभागृहाच्या स्वयंपाकघरात कोमट साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. बायकोने एक पंख धरला, नोंदणीच्या बाईंनी दुसरा, आणि शेपूट खुद्द भिंगवाल्यांनी. आई बाजूला उभी राहून घाई करू नका म्हणून बजावत होती. करंगळीशेजारचं बोट आधी सुटलं, मग मधलं, मग तर्जनी, अंगठा सगळ्यात हट्टी. तो सुटला तेव्हा सगळ्यांनी एकदमच सुस्कारा सोडला. नळवाल्यांनी बोटं उघडमीट करून पाहिली, मग पहिल्यांदा विमान उलटं केलं. हिरव्या पोटावर चार स्वच्छ ठसे उमटले होते, रेषा न् रेषा दिसत होती. पॉलिश पेपर मारून पुन्हा रंग द्या, काही कळणार नाही, भिंगवाले म्हणाले. नळवाले म्हणाले, बघू. त्यांच्या बोलण्यावरून तिथल्या प्रत्येकाला कळलं की हा गृहस्थ पॉलिश पेपरला हात लावणार नाही. भिंगवाल्यांनी त्यांना मंडळाचं सभासद करून घेतलं आणि आईला चहा पाजला. चहा पिताना आईने त्यांना चौथा नंबर कसा चुकीचा आहे ते समजावून सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

परतताना गाडीत नळवाले पुढच्या विमानाबद्दल बोलत होते. पाण्यावर उतरणारं, पिवळं, म्हणजे चाकांचा प्रश्नच नाही. बायकोने काहीही करा म्हणून सांगितलं. अट एकच. झटपट गमची बाटली यापुढे तिच्याजवळ राहील.

ती अट अजून चालू आहे. बाटली ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, समोरच्या कप्प्यात असते. घरी थेंब लागला की नळवाले फोन करतात. मग बायको शिकाऊ माणसाला गाडी गल्लीत वळवायला लावते, फाटकासमोर उलटी लावून घेते, आत जाऊन बशीत एक थेंब टाकते आणि बाटली घेऊन परत येते. शिकणाऱ्यांना हा शिकवणीचाच भाग वाटतो. तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांना, बाकी काही येवो न येवो, त्या अरुंद गल्लीत रिव्हर्स मात्र झकास घेता येतो.