हर्शेल स्लोनची हजामत

एल्डा प्रॅटरनं लिक फोर्कमध्ये एकतीस वर्षं बायकांचे केस कापले. केंटकीच्या डोंगरातलं गाव. कोळशाची खाण बंद पडली तशी तरणी माणसं शहराकडे गेली, पण मागं राहिलेल्यांत एल्डाचा हात डोक्यावरून फिरला नाही असं घर नव्हतं. बाई बोलायला कमी, ऐकायला पक्की. नवरा वारल्यापासून घरात ती आणि टॅन्सी, दोघीच. टॅन्सी ही बीगल जातीची कुत्री, डावा कान लहानपणी तारेत अडकून फाटलेला. दिवसभर दुकानात कुणाच्या ना कुणाच्या पायावर हनुवटी टेकून पडलेली असायची.

एका ऑक्टोबरात ती अंगणातून नाहीशी झाली.

शोधायला अर्धा गाव निघाला. त्यात हर्शेल स्लोनही होता. सशांच्या शिकारीला लागणारी बीगलची पिल्लं विकणं हा त्याचा धंदा. त्यानं दोन दिवस एल्डाला आपल्या गाडीतून खोरंभर फिरवलं. "सापडेल गं, धीर धर," म्हणत खांद्यावर हातसुद्धा ठेवला.

टॅन्सी सापडली दोन वर्षांनी, हमरस्त्याच्या कडेला. पोट लोंबलेलं, पिंजऱ्याची जाळी चावून दात झिजलेले. एल्डाचा आवाज ऐकून शेपटी तेवढी हलली. नवव्या दिवशी ती गेली.

"चार वेळा तरी व्यायली असेल," जनावरांच्या डॉक्टर मिंटनबाई म्हणाल्या. "मध्ये उसंत म्हणून दिलेली नाही तिला."

पुढच्याच आठवड्यात रेबा कॉम्ब्ज केस रंगवायला आली आणि डोक्याला रंग तसाच असताना रडायला लागली.

"माझ्या शेडमध्ये होती गं ती. हर्शेलनं आणून बांधली. टेनेसीतून विकत आणली म्हणाला. मी तो कान पाहिला, एल्डा. पाहिला आणि गप्प बसले."

एल्डाचे हात थांबले. मग तिनं नळ सोडला आणि रेबाचं डोकं नीट, शेवटपर्यंत धुतलं. धुता धुता सगळं काढून घेतलं. हर्शेलच्या स्वतःच्या घरी नुसते दोन नर. माद्या खोऱ्यातल्या नडलेल्या बायकांकडे, घरटी एकदोन. तो खाण्याची पोती टाकायचा आणि पिल्लं उचलून न्यायचा. कुत्री आजारी पडली तर औषधाला छदाम नाही. कागदावर एकही मादी त्याची नव्हती, त्यामुळे पैदाशीचा परवाना नको, तपासणी नको.

एल्डा जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाकडे, शेरीफकडे गेली. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "तुझा आणि रेबाचा शब्द एकीकडे, त्याचा शब्द दुसरीकडे, एल्डा. तो म्हणणार, माझ्याकडे कुत्री नव्हतीच कधी."

"असं म्हणेल?"

"म्हणणारच. दुसरं काय म्हणेल?"

एल्डा घरी आली. नवऱ्याची बंदूक भिंतीवर होती, आणि त्या हिवाळ्यात तिनं ती दोनदा उतरवून साफ केली. पण गोळीनं माणूस एकदाच मरतो. तेवढ्यानं तिचं समाधान होणार नव्हतं.

एप्रिलमध्ये दुकानाच्या काचेवर पाटी लागली: या शनिवारी पुरुषांचीही हजामत, सगळी कमाई कुत्र्यामांजरांच्या नसबंदीला. हार्डवेअरच्या दुकानदारानं सोडतीला करवत दिली, चर्चच्या बायकांनी केक आणि मक्याचा पाव. मिंटनबाईंनी शहरातून ऑपरेशनची गाडी मागवली. आणि हर्शेलच्या माद्या सांभाळणाऱ्या एकेका बाईशी एल्डा हिवाळाभर, केस कापता कापता, हळू आवाजात बोलली होती. कुणालाच फार समजवावं लागलं नाही. स्वैपाकघरात रात्र रात्र कुत्र्यांची बाळंतपणं काढून सगळ्याच कावल्या होत्या.

हर्शेल त्या वर्षी कौंटीच्या निवडणुकीला उभा होता. पेपरवाला येणार हे कळल्यावर तो येणार, हे एल्डाला ठाऊक होतं. आला. सगळ्यांसमोर देणगीचं पाकीट डब्यात टाकलं आणि खुर्चीत बसला.

"काय एल्डा, कात्री केसांपुरतीच चालणार ना आज? नाहीतर मी उठतो बाबा!"

दुकान हसलं. एल्डाही हसली. तिनं गळ्याभोवती कापड बांधलं, जरा घट्टच, मानेला फेस लावला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

"हलू नकोस. वस्तऱ्याला आजच धार लावलीय."

रस्त्यापलीकडे ऑपरेशनची गाडी उभी होती. रेबा दोन कुत्र्या घेऊन आली. तिच्यामागून ओमा फ्यूगेट, मग तिची जाऊ. एकेक करत अकरा बायका रांगेला लागल्या. एकोणीस बीगल माद्या. वस्तऱ्याखाली हर्शेलची मान ताठ होत गेलेली एल्डाला बोटांना कळली.

"ह्या बायका... कुठं निघाल्यात?"

"नसबंदीला. फुकट आहे ना, तुझ्यासारख्यांच्या कृपेनं."

"एल्डा, त्या कुत्र्या..."

"त्या कुत्र्या काय?" वस्तरा कानामागे थांबला. "तुझ्या आहेत? मग सांग ना. शेरीफ तिथं केक खातोय. परवाना दाखव त्याला, मी स्वतः जाऊन गाडी थांबवते."

हर्शेलची नजर शेरीफवर गेली, मग पेपरवाल्यावर.

"माझ्या नाहीत."

"मोठ्यानं बोल. पेपरवाल्यालाही ऐकू दे."

"माझ्या नाहीत म्हटलं ना!"

"मग नीट बस," एल्डा म्हणाली. पुढं तिनं मुद्दाम घाई केली नाही. शेवटची मादी आत जाईपर्यंत त्याला खुर्चीतून सोडलं नाही. त्या पाऊण तासात तिला मिळालेलं सुख तिनं कुणापासून लपवलंही नाही.

पुढच्या हंगामात शिकारी पिल्लं घ्यायला आले आणि हात हलवत परत गेले. हर्शेल निवडणूक हरला. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी त्यानं दोन्ही नर विकले आणि ओहायोत मुलीकडे राहायला गेला.

"आता तरी क्षमा कर त्याला," पाद्री म्हणाले.

"क्षमा टॅन्सीची मागावी त्यानं. मी मधली कोण?"

नसबंदीचा शनिवार दर एप्रिलला होतो. रेबा खोऱ्यातली जनावरं आपल्या गाडीतून आणते, नेते, टाके सुकेपर्यंत सांभाळते. एकदा केस कापून घेताना तिनं विचारलं, "माझ्यावर अजून राग आहे का गं?"

"आहे," एल्डा म्हणाली, आणि तिची मान पुढं वाकवून मागचे केस कापू लागली.